बिस्मथचा तुकडा आणि एक शिंक

घड्याळजी : पट्टा नाही. काटे नाहीत. आकडे नाहीत. बाई, हे घड्याळ नाही.

संशोधक : हो काका, मी मघापासून तेच सांगतेय. हे घड्याळ नाहीच.

घड्याळजी : बाहेरची पाटी वाचलीत ना?

ताई : अरे बापू, बसू तरी दे तिला. घामाघूम झालीय बिचारी. बस गं. तो स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो, हा घे. आणि याच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नकोस. माझा धाकटा भाऊ आहे, पाळण्यात होता तेव्हापासून असाच तिरसट. काय आणलंयस डबीत? दात?

संशोधक : नाही मावशी, स्फटिक आहे. बिस्मथचा. मी प्रयोगशाळेत संशोधन करते ना, तिथला. बिस्मथ म्हणजे धातू, म्हणजे तसा धातू नाही, अर्धधातू.

ताई : अर्धा धातू? मग उरलेला अर्धा कुठं गेला?

संशोधक : नाही नाही, तुकडा अख्खा आहे. पण धातूमध्ये काय असतं, वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. दर अणूमागे एक मोकळा, असं धरा. यात लाख अणूंमागे एक.

ताई : लाखात एक! बापू, ऐकलंस? अगदी तुझी गत. काम करणारा एकटा आणि बाकीचे नुसते बसलेले.

घड्याळजी : बाकीचे म्हणजे तू.

ताई : मी गल्ल्यावर बसते, गल्ल्यावर बसणं हे काम आहे.

घड्याळजी : बाई, तुमचं काम काय ते सांगा. चारला एक गिऱ्हाईक येणार आहे.

संशोधक : या स्फटिकावर चार तारा चिकटवायच्यात. सोन्याच्या. केसाच्या निम्म्याहून बारीक. खरं तर मीच चिकटवते, पण काका, माझे हात कापतात. या महिन्यात माझ्या हातून तीन स्फटिक मोडले. बिस्मथ ठिसूळ असतं, चिमटा जरा जोरात लागला की गेलं. तिसरा मोडला तेव्हा आमचे सर नुसते खिडकीतून बाहेर बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हा चौथा. याच्यानंतर नाही. आणि उद्या सकाळी दहाला माझा नंबर आहे. आठ महिन्यांपूर्वी लावलेला. तो हुकला तर पुढचा वर्षभरानं, आणि माझी मुदत सहा महिन्यांत संपते.

घड्याळजी : कशाला नंबर?

संशोधक : मोठ्या चुंबकाला.

ताई : अगं बाई.

संशोधक : काय झालं?

ताई : तो शब्द काढायचा नसतो गं या दुकानात.

घड्याळजी : डबी उचला. जाताना दार ओढून घ्या.

संशोधक : काका, पण मी…

घड्याळजी : दार घट्ट ओढावं लागतं. नाहीतर परत उघडतं.

ताई : बस गं तू, उठू नकोस. बापू, तू त्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दे. जा. हां. आता ऐक, मी सांगते. याच्या लग्नाची गोष्ट आहे.

घड्याळजी : ताई.

ताई : किल्ली दे म्हटलं ना? तर लग्नाच्या आदल्या दिवशी यानं आपलं मनगटी घड्याळ काढून ठेवलं ते नेमकं स्पीकरवर. हा एवढा मोठा स्पीकर. त्याच्या पोटात काय असतं तुला माहीतच आहे. घड्याळाला चढलं ते. आणि घड्याळाला ते चढलं की घड्याळ मागं पडत नाही, पुढं पळतं. का रे पळतं?

घड्याळजी : स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंग आखूड पडते. झोके भरभर होतात. शाळेतल्या मुलालाही कळेल.

ताई : तर हा सव्वा तास आधी हजर! हॉलवर कुणी नाही. मुलीकडचे मामा तेवढे आले होते, त्यांना वाटलं हा खुर्च्या लावणारा माणूस. त्यांनी याला कामाला लावलं. आणि यानं लावल्या! दोनशे खुर्च्या! नव्या कपड्यांत!

संशोधक : पण तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?

घड्याळजी : त्यांनी विचारलं नाही. शिवाय रांगा वाकड्या होत्या.

ताई : आमची भावजय अजून चिडली की याला खुर्चीवाले म्हणते. तेव्हापासून तो शब्द बंद. दुकानात रेडिओ नाही. माझ्या पर्सला साधी बटणाची कडी, ती फटकन लागणारी चालत नाही. फ्रिजवर मी एक फुलपाखरू चिकटवलं होतं, ते यानं चिमट्यानं धरून कचऱ्यात टाकलं.

घड्याळजी : फुलपाखराच्या पोटात काय होतं ते तुला माहीत आहे.

संशोधक : काका, मला तुमचा राग समजतो. पण एकच सांगू? दोन तारा वीज आत-बाहेर नेणाऱ्या. त्या टोकांना. आणि दोन मधे, नुसत्या मोजणाऱ्या.

घड्याळजी : चार कशाला? दोघींनीच न्यावं आणि मोजावं.

संशोधक : तसं केलं तर तारांचा आणि सांध्यांचा अडथळाही मोजला जातो. स्फटिकाचा किती आणि तारांचा किती, कळत नाही.

घड्याळजी : हं. म्हणजे वजन करणाऱ्यानं स्वतः काट्यावर चढू नये.

संशोधक : अगदी तेच!

घड्याळजी : व्यवस्थित आहे. दाखवा तारा.

ताई : विरघळला.

घड्याळजी : मी विरघळलेलो नाही. मी तारा बघतोय. या कुणी कापल्या? टोकं बघा. उंदरानं कुरतडल्यासारखी.

संशोधक : मीच कापल्या.

घड्याळजी : दिसतंय. ताई, पंखा बंद. दार बंद. बोलणं बंद. बाई, तुम्ही इथे उजवीकडे. चिकटवायला काय आणलंय?

संशोधक : हा चांदीचा लेप. एक थेंब तारेच्या टोकाला. दहा मिनिटांत वाळतो.

घड्याळजी : स्फटिक भिंगाखाली ठेवला. दोन मिलिमीटर. थोडा कमीच. पृष्ठभाग… अरे. आरसा आहे हा.

संशोधक : हो, तो आपोआप तसा फुटतो. थरांवर.

घड्याळजी : घासलेला नाही?

संशोधक : कुणी हातही लावलेला नाही.

घड्याळजी : सुंदर काम आहे. कोणाचंही नसलं तरी. आता लेपाची बाटली उघडा. इकडे. जवळ. हा वास कसला आहे?

संशोधक : त्यातलं द्रावण असतं ते. वार्निशसारखं. जरा नाकात…

घड्याळजी : जरा नाही. हा वास… हा… हा…

ताई : बापू! नको! नाक धर! नाक—

घड्याळजी : हाऽऽक्छीः!

ताई : शिंकला!

संशोधक : कुठे गेला?

ताई : बेचाळीस वर्षं झाली दुकानाला. हा माणूस या बाकावर कधी शिंकला नव्हता. सर्दी झाली की फुटपाथवर जाऊन शिंकून येतो.

संशोधक : काका, स्फटिक कुठे गेला?

घड्याळजी : भिंगाखाली नाही.

संशोधक : ते दिसतंय मला!

घड्याळजी : हवेचा रोख डावीकडे होता. डावीकडे खण आहे. खण उघडा होता.

संशोधक : खणात काय आहे?

घड्याळजी : सुटे भाग.

संशोधक : किती?

घड्याळजी : बेचाळीस वर्षांचे.

ताई : अगं, रडू नकोस. पाणी घे. बापू, बघ काय केलंस, पोर रडायला लागली. यातले सगळेच चकचकीत आणि सगळेच एवढे एवढे. स्क्रू, चक्रं, स्प्रिंगा, काट्यांची टोकं… हे काय, हा माझ्या ब्लाउजचा हूक! दोन वर्षं शोधतेय मी!

घड्याळजी : बाई. चूक माझी आहे. मी एकेक भाग चिमट्यानं बाजूला काढतो. अंदाजे सहा हजार आहेत. मिनिटाला सहा धरले तर…

संशोधक : उद्या दहाच्या आत नाही होणार.

घड्याळजी : जेवलो नाही तर होईल.

संशोधक : काका, एक मार्ग आहे. दहा मिनिटांचा. पण तुम्हाला सांगायची हिंमत होत नाही.

घड्याळजी : सांगा.

संशोधक : यातलं बहुतेक पोलाद आहे ना?

घड्याळजी : दहात नऊ.

संशोधक : आणि बिस्मथ पोलाद नाही. म्हणजे जर का आपण… ते… तुमचा तो शब्द… खणावरून फिरवला, तर पोलाद सगळं वर येईल. स्फटिक खाली राहील.

ताई : मी बाहेर जाऊन उभी राहू का?

घड्याळजी : असला प्रकार या दुकानात नाही. आणि तो आणणार कुठून?

संशोधक : माझ्या पिशवीत आहे. प्रयोगशाळेतला, परत ठेवायचा राहिलेला.

घड्याळजी : कधीपासून?

संशोधक : म्हणजे… आल्यापासून.

घड्याळजी : बावीस मिनिटं. माझ्या दुकानात. बाकापासून दोन हातांवर. बावीस मिनिटं!

संशोधक : लोखंडी डबीत गुंडाळून ठेवलाय काका! बाहेर फारसं काही येत नाही, खरंच! बटाट्याएवढासुद्धा नाहीये, लिंबाएवढा आहे!

ताई : बापू, खाली बस. श्वास घे. हे बघ, शिंक कुणाची होती?

घड्याळजी : माझी.

ताई : मोठ्यांदा.

घड्याळजी : माझी होती.

ताई : मग? पोरीची आठ महिन्यांची वाट तू एका शिंकेत उडवलीस. आता तुझी सोवळ्यातली अट जरा बाजूला ठेव.

घड्याळजी : …सगळी घड्याळं बाहेर. भिंतीवरचीसुद्धा. शेजारच्या चष्मेवाल्याकडे. त्याला सांग, काचेच्या कपाटात ठेव, हात लावू नको, किती वाजले ते विचारू नको.

ताई : अठ्ठावन्न घड्याळं मी एकटी वाहू?

घड्याळजी : एकोणसाठ. माझ्या मनगटावरचंही घे.

ताई : हे तू काढलंस? अरे, आंघोळीलासुद्धा… बरं बरं, जाते. चार फेऱ्या होतील. माझे गुडघे तुझ्या नावानं ओरडणारेत आज.

संशोधक : काका, मी लिंबाला… म्हणजे त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते. पिशवीला बाहेरून पोलाद चिकटेल. मग आतला काढून घेतला की सगळं खाली पडेल, इथे या ताटलीत. एकही स्क्रू हरवणार नाही.

घड्याळजी : हे बरं आहे. कुणी शिकवलं?

संशोधक : कुणी नाही. माझ्याही खणात सगळं सांडत असतं.

घड्याळजी : फिरवा. मी भिंतीकडे बघतो.

संशोधक : बघा ना, कसे उड्या मारून येतायत.

घड्याळजी : आवाज येतोय. पुरे आहे तेवढं.

संशोधक : पोलाद संपलं. खाली आता पितळ आहे, ते पिवळं म्हणून ओळखू येतं. ते सोडलं तर… एक, दोन, तीन… सात पांढरे चकचकीत कण. यांतला एक माझा.

घड्याळजी : सगळे सारखेच दिसतायत. पडताना कड मोडली असेल. आरसा बाजूला वळला असेल.

संशोधक : सातही घासून बघू शकत नाही. ओरखडा आला तरी संपलं.

ताई : आले गं. चष्मेवाला विचारत होता, दुकान विकलं का. मी म्हटलं, नाही, शिंकलो आम्ही. काय चाललंय?

संशोधक : मावशी, एक बशी पाणी द्या. आणि कागदाचा कपटा. हे बघा, कागदाची होडी. तिच्यात एकेक कण ठेवायचा, पाण्यावर सोडायचा आणि चुंबक… माफ करा.

घड्याळजी : म्हणा. आता काय राहिलंय.

संशोधक : चुंबक हळूहळू जवळ न्यायचा. पाणी पूर्ण थांबल्यावर. पहिला कण. काही नाही. होडी जागच्या जागी. दुसरा. नाही.

ताई : तो चॉकलेटचा कागद आहे. मी खाते कधीकधी. डॉक्टरला सांगू नका.

संशोधक : तिसरा. नाही. चौथा… नाही.

ताई : थांब, तो दे इकडं. अगं, ही माझ्या दाढेतली चांदी! गेल्या वर्षी शेव खाताना… नाही, काहीतरी खाताना पडली होती. मला वाटलं गिळली. तीन दिवस काळजीत होते मी.

घड्याळजी : ताई, ती चांदी माझ्या खणात कशी आली?

ताई : तू नसताना मी तिथंच बसते. उजेड चांगला असतो.

संशोधक : पाचवा. चुंबक जवळ आणते… काका. बघा.

घड्याळजी : मी भिंतीकडे बघतोय.

संशोधक : बघाच.

घड्याळजी : …होडी हलली.

संशोधक : कुठे चाललीय?

घड्याळजी : मागे. मागे सरकतेय. पाणी ढवळलं असेल. पुन्हा करा.

संशोधक : पुन्हा. हळू.

घड्याळजी : पुन्हा मागे. दुसऱ्या बाजूनं आणा. …तिकडूनही मागे.

संशोधक : हाच तो. बिस्मथ असंच असतं. चुंबक आला की दूर सरकतं.

घड्याळजी : त्याला आवडत नाही.

संशोधक : हो, म्हणजे आवडण्याचा प्रश्न नाही, आतले इलेक्ट्रॉन असे फिरतात की…

घड्याळजी : त्याला चुंबक आवडत नाही. ताई, बघ. एवढासा जीव. आणि साफ नाही म्हणतोय.

ताई : अरे बापू, डोळे पुस.

घड्याळजी : वार्निशचा वास आहे. आणि बाई, याला तुम्ही उद्या चुंबकात घालणार?

संशोधक : …हो.

घड्याळजी : केवढ्या?

संशोधक : फ्रिजवरच्या फुलपाखराच्या हजारपट जोरकस. थोडा जास्तच.

घड्याळजी : तारा मिळणार नाहीत.

संशोधक : काय?

घड्याळजी : शोधून दिला. चूक फेडली. पण त्याला हा त्रास मी देणार नाही.

ताई : आता हा स्फटिकाचा वकील झाला. अगं, समजाव त्याला काहीतरी. तुझं शास्त्र सांग. सोपं सांग.

संशोधक : काका, ऐका. साध्या तांब्याला चुंबकात ठेवलं ना, तर त्याला फारसं काही वाटत नाही. वीज जात होती तशी जाते. जरा इकडेतिकडे. पण याच्यातले इलेक्ट्रॉन थोडे असले तरी पळतात लांब. थंड केलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत कशालाही न धडकता जातात. चुंबक लावला की ते सरळ जाऊच शकत नाहीत, गोल गोल फिरायला लागतात. आणि वीज अडते. जितका चुंबक वाढवू तितकी जास्त अडते. हजारपट. कधी त्याहून जास्त.

घड्याळजी : म्हणजे हा वाकत नाही.

संशोधक : वाकत नाही. आणि अडतानासुद्धा वेडावाकडा अडत नाही. मोजून अडतो. अडथळा वाढताना त्याच्यावर लाटा येतात, एकामागून एक. त्या लाटा मोजल्या की आत किती इलेक्ट्रॉन आहेत, कसे फिरतात, सगळं कळतं. हे त्याला चुंबकात नेल्याशिवाय कधीच कळणार नाही. तो कसा नाही म्हणतो, तेच मला ऐकायचंय. म्हणून तर अडीच वर्षं घालवली मी.

घड्याळजी : मोडणार नाही?

संशोधक : नाही. चुंबक काढला की होता तसा.

घड्याळजी : …ताई, पंखा बंद आहे ना? बाई, नाकाला रुमाल बांधून द्या माझ्या. घट्ट. अजून घट्ट. हां. पहिली तार.

ताई : दरोडेखोर दिसतोय.

घड्याळजी : बोलणं बंद. …पहिली बसली. दुसरी. …बसली. तिसरी. टोक पुन्हा कापावं लागेल. …बसली. चौथी. बाई, इकडे या.

संशोधक : काय झालं? सुटली का?

घड्याळजी : चौथी तुम्ही लावायची.

संशोधक : मी? नाही हो काका! माझे हात…

घड्याळजी : हात सगळ्यांचे कापतात. माझेही. बघा.

संशोधक : अरे हो की.

घड्याळजी : कोपर बाकावर. करंगळी बाकावर. आता थांबा. छातीतला ठोका ऐकू येतोय? ठोक्याला हात हलतो. दोन ठोक्यांच्या मधे हलत नाही. तेवढीच जागा आपली. घाई करायची नाही, पुढचा ठोका येतोच आहे, त्याच्यानंतर पुन्हा जागा आहे. हां. आता नाही. आता नाही. आता टेकवा.

संशोधक : …बसली?

घड्याळजी : डोळे उघडून बघा. डोळे मिटून कोण तार लावतं?

संशोधक : बसली! मावशी, बसली!

ताई : मी बघितलंच नाही, मीही डोळे मिटले होते.

घड्याळजी : उद्या किती वाजता म्हणालात?

संशोधक : दहाला.

घड्याळजी : मी येतो. याला एकट्याला नाही पाठवणार.

(दुसरा दिवस. प्रयोगशाळेतली चुंबकाची खोली. फरशीवर एक पिवळी रेघ ओढलेली आहे.)

संशोधक : मावशी, रेघेच्या आत यायच्या आधी अंगावरचं लोखंड सगळं काढून ठेवायचं. पिना, किल्ल्या, सगळं.

ताई : ही घे केसातली पिन. ही दुसरी. ही तिसरी. ही सेफ्टी पिन, ही पदराची, ही पाठीमागची, ही नुसती असावी म्हणून लावलेली. ही किल्ली घराची, ही कपाटाची, ही कशाची ते माहीत नाही.

घड्याळजी : अकरा वाजेपर्यंत पुरेल.

ताई : हा काल सापडलेला ब्लाउजचा हूक. आणि गं, दाढेतली चांदी काढावी लागेल का? नवी बसवलीय.

संशोधक : नाही मावशी, ती असू दे. तुम्ही तिकडे, रेघेबाहेरच्या खुर्चीवरच बसा ना, आरामात. काका, तुमचं घड्याळ?

घड्याळजी : घरी. पोटमाळ्यावर. तीन टॉवेलांत.

संशोधक : मग या. हा नळकांड्यासारखा दिसतो ना, त्याच्या पोटात वेटोळं आहे, तोच चुंबक. स्फटिक बरोबर त्याच्या मध्यावर आहे. पहाटेपासून थंड करतोय. उणे दोनशे एकोणसत्तर.

घड्याळजी : थंडीनं तारा आकसतात. सांधे?

संशोधक : चारही धरून आहेत. पडद्यावरची ही रेघ म्हणजे स्फटिकाचा अडथळा. ती खालची, चुंबकाचा जोर. सुरू करू?

घड्याळजी : त्याला सांगा.

संशोधक : कुणाला?

घड्याळजी : काही नाही. करा.

संशोधक : वाढवतेय. बघा, अडथळा वर निघाला. दुप्पट. दहापट.

ताई : मला इथून काही दिसत नाही! काय झालं?

घड्याळजी : अडलाय.

संशोधक : शंभरपट. चारशे. काका, चुंबक अजून निम्म्यावरसुद्धा आलेला नाही!

घड्याळजी : शाबास. वाकू नको.

संशोधक : आणि ती बघा, पहिली लाट. ही दुसरी. ही… हे काय? हे मधे मधे दात कसले आलेत? लाटेवर बारीक दात. अरे देवा. तार सुटतेय बहुतेक. चौथी असेल. माझीच असेल!

घड्याळजी : घाबरू नका. लाटा मोठ्या होतायत आणि एकमेकींपासून लांब जातायत. बरोबर?

संशोधक : हो, जोर वाढला की अंतर वाढतंच, तसंच यायला हवं.

घड्याळजी : दात लांब जात नाहीत. दात सारखे येतायत. सेकंदाला तीन. चुंबकाचा जोर कितीही असो, सेकंदाला तीन. हे स्फटिकाचं नाही, बाई. स्फटिकाला सेकंद माहीत नाही. हे बाहेरून येतंय. कुणीतरी हलतंय. हलणारी तार चुंबकात काय करते?

संशोधक : वीज तयार करते! पण काय हलतंय? पंप बंद आहेत, दार बंद आहे…

घड्याळजी : सेकंदाला तीन. थोडं थांबून पुन्हा तीन. हा ठेका मी जन्मापासून ऐकतोय. जेवताना पाट हलायचा माझा. ताई!

ताई : काय रे?

घड्याळजी : पाय हलवू नकोस.

ताई : मी कुठं हलवतेय? …अगं बाई, हलतोय की. आपोआप हलतो गं तो, जीव टांगणीला लागला की.

संशोधक : मावशी, तुमच्या खुर्चीचा पाय केबलवर आहे!

ताई : उठते, उठते! उभी राहते. मरणाची शांत उभी राहते. आता?

संशोधक : गेले! दात गेले. रेघ लोण्यासारखी झाली. काका, बघा लाटा! सहावी. सातवी. हजारपट झाला. अकराशे. आणि सांधे? चारही सांधे जागच्या जागी. सरांना बोलावू का? नको, आधी पूर्ण होऊ दे. माझा हात बघा कसा थरथरतोय.

घड्याळजी : थरथरू द्या. आता काही टेकवायचं नाहीये.

ताई : मी श्वास घेतला तर चालेल का?

संशोधक : घ्या मावशी, झालं! चुंबक पूर्ण जोरावर पोहोचला, सगळ्या लाटा आल्या. आता जोर हळूहळू उतरवायचा. शून्यावर यायला चाळीस मिनिटं लागतील, पण त्यात बघण्यासारखं काही नाही. तुम्ही दोघं निघा आता. दुकान उघडायचं असेल.

ताई : चल बापू. चष्मेवाल्याकडं अठ्ठावन्न घड्याळं पडलीयत, एव्हाना त्यानं दोन विकली असतील. ऊठ.

घड्याळजी : तू हो पुढे.

ताई : आणि तू काय करणार इथं चाळीस मिनिटं?

घड्याळजी : बसतो. तो बाहेर येईल तेव्हा ओळखीचं कुणीतरी असावं.